भैकेरांसाठी शिळं पाणी

सत्यशीला बन्सी धनवटे, इयत्ता सहावी, मुक्काम पुणतांबा, हिच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र १९९४ सालच्या ऑगस्टमधलं आहे. जोडकार्ड होतं ते. म्हणजे दोन पोस्टकार्डं एकमेकांना जोडलेली, एकावर तिचा मजकूर आणि दुसरं उत्तरासाठी कोरं. कोऱ्या कार्डावर तिचा पत्ताही तिनेच घातलेला होता. मला फक्त चार ओळी खरडून ते पेटीत टाकायचं होतं. तेवढंही माझ्याने झालं नाही.

मी तेव्हा कोपरगावच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो आणि नगरहून निघणाऱ्या मुलांच्या एका मासिकात ‘निसर्गमित्र’ या नावाने लिहायचो. टोपणनाव संपादकांनी दिलं होतं. निसर्गाशी माझी मैत्री ग्रंथालयाच्या खिडकीतून होती, तीही खिडकी उघडी असली तर. दोन संदर्भग्रंथ समोर ठेवून मी तिसरा मजकूर तयार करायचो. ‘घरच्या टाकीत भैकेर’ हा लेख असाच झाला. भैकेर म्हणजे बेडकाची पिल्लं, शेपटीची, पाय यायच्या आधीची. हा शब्द मला शब्दकोशात सापडला आणि इतका आवडला की लेखात मी तो एकवीस वेळा वापरला. अर्थ मात्र एकदाही दिला नाही.

सत्यशीलेने लिहिलं होतं:

‘मा. निसर्गमित्र यांस, सा. न. वि. वि. तुमचा लेख वाचला. भैकेर म्हणजे काय ते वर्गात कोणालाच आलं नाही. बाईंनाही आलं नाही. चित्रावरून कळलं. मी नदीकडच्या डबक्यातून तेरा आणली. तुम्ही लिहिलं की डबक्याचं पाणी फेकून रोज नळाचं ताजं पाणी द्यावं. तसं दिलं. तिसऱ्या दिवशी तेरा मेली. चूक माझी का तुमची? उत्तर सोबतच्या कार्डावर द्यावं. कार्ड दुसऱ्या कामाला वापरू नये.’

मी दोन्ही ग्रंथ पुन्हा काढले. दोन्हींत ‘ताजे पाणी’ असंच होतं. म्हणजे चूक तिची. पण तेरा पिल्लं मेलेल्या मुलीला ‘चूक तुझी’ असं लिहायला हात धजेना. आणि चूक माझी असेल तर ती नेमकी कुठे झाली, हे मला ठाऊक नव्हतं. विचार करता करता दिवाळी आली. दिवाळीनंतर उत्तर द्यायचं तर उशिराबद्दल क्षमा मागणं आलं, आणि पुढच्या पावसाळ्यात द्यायचं तर क्षमेबरोबर कारणही आलं. मग मासिकच बंद पडलं. मी ते जोडकार्ड शब्दकोशात भ च्या पानांत ठेवून दिलं आणि पुढची तीस वर्षं भ ने सुरू होणारे शब्द शक्यतो अडू दिले नाहीत.

यंदा जुलैत वर्तमानपत्रातल्या कोड्यात एक शब्द आला. तीन अक्षरी, सुरुवात भ ने, अर्थ घाबरट. ‘भेकड’ हे मला येत होतं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून कोश उघडला, कारण स्वतःला आलेलं उत्तर मला कधी पटत नाही. कार्ड मांडीवर पडलं. कोरी बाजू पिवळी झाली होती, पण कोरीच होती.

आता मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. नगरला सावेडीत दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. मुलगी रेश्मा पुण्यात असते. हाताशी वेळ भरपूर. पण पुन्हा पुस्तकात बघून उत्तर लिहिलं तर ते निसर्गमित्राचंच उत्तर झालं असतं. म्हणून ठरवलं, आधी आपल्या टाकीत एक तरी बेडूक होऊ द्यायचा आणि मगच कार्डाला पेन लावायचं.

आमच्या इमारतीसमोर एक रिकामा प्लॉट आहे. पावसाळ्यात त्यात मोठं डबकं साचतं. एका सकाळी मी चहाची गाळणी आणि श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन तिथे गेलो. या वयात डबक्याशी उकिडवं बसलेलं दिसणं बरं नव्हे, पण दिसलोच. स्कूटरवरून जाणारा एक गृहस्थ थांबला आणि काय हरवलं म्हणून विचारू लागला. मी किल्ली म्हणालो. तो भला माणूस स्कूटर लावून माझ्याबरोबर शोधू लागला आणि दहा मिनिटांनी त्याला खरोखरच एक किल्ली सापडली. मी आभार मानून ती घेतली. ती अजून माझ्याकडे आहे.

तो गेल्यावर चौदा पिल्लं डब्यात आली. रेश्माच्या लहानपणची माशांची काचेची टाकी माळ्यावर होती, ती धुऊन आतल्या खोलीत ठेवली. माझा लेख समोर ठेवून, माझ्याच लेखाप्रमाणे, सकाळी नळाला आलेलं ताजं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी तीन पिल्लं पोट वर करून तरंगत होती आणि बाकीची तळाशी निपचित पडली होती.

मी अजिनाथला फोन केला. अजिनाथ आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, आता कोपरगावातच असतो. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलावं लागतं. आणि माझ्या घरात रेंज फक्त गॅलरीत येते. मी गॅलरीत उभा राहून ओरडलो. पाणी कुठलं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, ताजं, नळाचं.

“हनुमंता,” तो म्हणाला, “त्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते. जंतू मरतात, मग ह्यांनी काय वेगळी परवानगी काढलीय का? पाणी एक दिवस उघडं ठेव, पावडर उडून जाते. शिळं पाणी दे, शिळं. आणि तेही सगळं एकदम बदलू नको.”

एकतीस वर्षांचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. अजिनाथची प्रयोगशाळा माझ्या ग्रंथालयापासून दोन खोल्या सोडून होती. हसेल म्हणून मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

आता तरी कार्ड लिहून मोकळा हो, असं तो म्हणाला. मी म्हणालो, हेही तुझं ऐकलेलंच झालं. यातला एक उडी मारून दाखवेल तेव्हा लिहीन. मग लवकर आटप, तुझं वय काय, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तेव्हापासून माझा दिवस भैकेरांच्या वेळापत्रकावर चालू लागला. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. आलं की मी एक निळी बादली भरून गॅलरीत उघडी ठेवायचो आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातलं पाणी टाकीत घालायचो. आधी टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढून. पालकाचं एक पान मऊ उकडून, चुरून द्यायचं आणि उरलेलं गाळणीने काढून टाकायचं, नाहीतर पाणी सडतं. टाकीवर जुन्या मच्छरदाणीचं जाळीदार कापड बांधलं. पाय आल्यावर बाहेर बसता यावं म्हणून एका बाजूला दगडांचा उतार केला. रोज सकाळी नऊ वाजता गॅलरीतून अजिनाथला अहवाल जायचा.

इथे माझी चूक झाली. गॅलरीत उभं राहून बेडकांच्या पिल्लांची खबरबात ओरडायची मला लाज वाटली, म्हणून मी पुन्हा तोच जुना शब्द काढला. इमारतीत तो कोणालाच कळणार नव्हता. मराठीत अनेकवचन आणि आदरार्थी एकवचन दिसायला सारखंच असतं, हे मला व्याकरणात ठाऊक होतं. गॅलरीत लक्षात आलं नाही.

चार-पाच दिवसांनी शेजारच्या मालनबाई जिन्यात भेटल्या. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या, मुलाबरोबर इथे आलेल्या. मला गुरुजी म्हणतात. मी कधीही शिकवलेलं नाही, पण पहिल्या दिवशी त्या तसं म्हणाल्या आणि मी तेव्हा दुरुस्त केलं नाही.

“गुरुजी, भैकर पावन्यांना बरं हाय का आता?”

मी कोण म्हणून विचारलं.

“भैकर. तुमीच म्हनत हुता फोनवर, भैकर निपचित पडले म्हनून. आन काल जेवले न्हाईत म्हनून.”

सांगायची वेळ तीच होती. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांनी एक डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, एकट्या मान्साच्या घरात आजारी मानूस म्हंजे लई अवघड. डब्यात मऊ भात होता, गरम. गरम डबा हातात असताना बेडकांचा विषय काढणं मला जमलं नाही. आता बरे आहेत, असं मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतर दर दोन दिवसांनी भैकरांसाठी काहीतरी यायला लागलं. ते मी खाल्लं. मग एका सकाळी पिल्लांच्या शेपटीच्या मुळाशी मला दोन बारीक काड्या दिसल्या आणि मी आनंदाने, जरा जास्तच मोठ्याने, अजिनाथला कळवलं की भैकेरांचे पाय फुटले. अर्ध्या तासात मालनबाई कोकमतेलाची वाटी आणि मुलाचे जुने मोजे घेऊन दारात. भेगांना तेल चोळायचं आणि वरून मोजे घालायचे, असं त्यांनी सांगितलं. ते तेल मी माझ्या पायांना लावलं. माझ्या भेगा पुष्कळ कमी झाल्या.

महिना होत आला तेव्हा आप्पासाहेब आले. ते आमच्या सोसायटीचे चेअरमन; घरातल्या घरातसुद्धा रजिस्टर काखेत घेऊन फिरतात. बाहेरचा माणूस महिनाभर राहतोय, त्याची नोंद नको का, आधारची झेरॉक्स नको का, असं त्यांचं म्हणणं पडलं. खुर्चीत बसून त्यांनी पेन काढलं आणि पूर्ण नाव विचारलं. मी म्हणालो, भैकेर एवढंच. त्यांनी गाव विचारलं.

आता खरं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. म्हणालो, “इथलेच आहेत. समोरच्या प्लॉटवरचे.”

आप्पासाहेबांचं पेन थांबलं.

“प्लॉट भैकरांचा आहे?”

“म्हणजे, जन्म तिथलाच,” मी म्हणालो. “पिढ्यान् पिढ्या तिथेच.”

आप्पासाहेब उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या प्लॉटच्या मालकाला ते तीन वर्षं शोधत होते. डबकं, डास, गवत, त्यात फिरणारी कुत्री, सगळ्याचा अर्ज तयार होता. फक्त द्यायचा कोणाला ते कळत नव्हतं. आणि मालक आपल्याच इमारतीत आजारी पडलेला. रविवारी कमिटी घेऊन भेटायला येतो, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हणालो, ते बोलत नाहीत. आप्पासाहेब म्हणाले, हरकत नाही, आम्ही बोलू.

दार लावल्यावर मी बराच वेळ टाकीसमोर बसलो. अकरा भैकेर. दोघांना पुढचे पाय येऊ घातले होते आणि शेपटी आखडायला लागली होती. मनात म्हटलं, रविवारच्या आत एकाने तरी उडी मारा, म्हणजे मी कार्ड टाकून रेश्माकडे निघून जाईन.

शनिवारी मालनबाईंनी मला पुन्हा जिन्यात गाठलं. या वेळी हातात डबा नव्हता. सकाळी मी अजिनाथला सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, की भैकेरांना मी शिळंच पाणी देतो, ताज्याचा थेंब देत नाही.

“तुमी शिकलेले ना, गुरुजी? आजारी मान्साला शिळं पानी?”

मी म्हणालो, त्यांना तेच मानवतं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सुनेला जेवायला न देणाऱ्या सासूकडे बघावं तसं.

रविवारी पाण्याचा दिवस होता. पाण्याच्या दिवशी आमच्या इमारतीत एक काम न सांगता होतं. नळ सुटायच्या आत घरोघरचं शिळं पाणी ओतून दिलं जातं; कोणी जिना धुतं, कोणी स्कूटर, कोणी कुंड्यांत घालतं. मग रिकाम्या भांड्यांत ताजं भरायचं. मी दाराला नुसती कडी लावून पालक आणायला खाली गेलो होतो. परत आलो, टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढलं आणि निळ्या बादलीतून भरलं.

दोन-तीन मिनिटं गेली. एकाएकी सगळी पिल्लं सैरावैरा पळू लागली. मग एकेक वर येऊन तोंड उघडायला लागलं. एक उलटं झालं. मी बादलीवर वाकून वास घेतला. पावडरीचा वास होता. ओट्यावर एक तांब्या होता, जो माझा नव्हता, त्यावर झाकण आणि शेजारी धुतलेला पेला. पाहुण्याला एकदा तरी ताजं पाणी मिळावं म्हणून मालनबाई कडी काढून आत आल्या होत्या आणि बादलीतलं पाणीसुद्धा बदलून गेल्या होत्या. पाहुणे झोपले असतील म्हणून आतल्या खोलीत डोकावल्या नव्हत्या. त्या तशा रीतीच्या आहेत.

मला शिळं पाणी हवं होतं, आणि ताबडतोब.

नऊ वर्षं मी या इमारतीत राहतो, पण कोणाच्या दाराची बेल मी आपणहून वाजवलेली नव्हती. त्या सकाळी पाच वाजवल्या. मालनबाईंचं दार सर्वांत जवळ होतं, पण त्यांच्यासमोर शिळं हा शब्द काढायची माझी छाती नव्हती. समोरच्यांकडे नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या सविताच्या दारात मी शिळं पाणी आहे का विचारल्यावर ती म्हणाली, अहो काका, ताजं घ्या ना, आत्ताच आलंय, आणि भरलेली कळशीच पुढे केली. मी नको, शिळंच हवं म्हणालो. तिने आत वळून नवऱ्याला हाक मारली, मी तिथून निघालो. पार्किंगमध्ये हर्षल नावाचा एक तरुण स्कूटर धूत होता. मी धावत गेलो. बादलीतला शेवटचा तांब्या त्याने माझ्या डोळ्यांदेखत मडगार्डवर ओतला.

परत वळलो तर जिन्याच्या पायरीवर आप्पासाहेब आणि कमिटीचे तिघे. आप्पासाहेबांच्या हातात शाल आणि नारळ होता. मालकाला आधी मानपान करायचा आणि मग अर्ज द्यायचा, असा बेत असावा.

“भैकर उठलेत ना?” त्यांनी विचारलं.

“भैकेर मरतायत,” मी म्हणालो.

यानंतरचं मला सलग आठवत नाही. एकजण रिक्षा आणायला पळाला. बाकीचे माझ्याआधी वर पोचले. सविता आली, तिचा नवरा आला, हर्षल हातात फडकं घेऊन आला. ते बेडरूममध्ये गेले, बाथरूममध्ये गेले, कोणीतरी कपाटही उघडलं. मी टाकीपाशी उभा होतो. कुठे आहेत, असं आप्पासाहेब ओरडले. मी म्हणालो, इथे.

आप्पासाहेब शालीसकट वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

“हे?”

“हे.”

मालनबाई सगळ्यांना बाजूला सारत पुढे आल्या आणि काचेला नाक लावून म्हणाल्या, “आगं बया. ही तर बेडकाची पोरं.”

मग मी बोललो. आयुष्यात इतक्या माणसांसमोर एका दमात मी कधी बोललेलो नाही. पुणतांब्याची मुलगी, तेरा पिल्लं, माझा लेख, पावडर, निळी बादली, सगळं उलटसुलट सांगितलं. शेवटी म्हणालो, मला एक बादली शिळं पाणी हवंय आणि तुम्ही सगळ्यांनी ते ओतून दिलंय.

“म्या कुटं वतलं?” मालनबाई म्हणाल्या. “आमच्या गावाकडं पानी वतत नसत्यात, गुरुजी. टँकर येनारा मुलूख हाय तो. तुमचं शिळं पानी माज्या पिपात हाय, धुन्यासाठी.”

त्या गेल्या आणि कळशी भरून आल्या. माझंच पाणी. मी टाकीतलं अर्ध्याहून जास्त पाणी काढलं आणि कळशी हळूहळू ओतली. आठ-दहा माणसं वाकून बघत राहिली. रिक्षा खाली हॉर्न देत होती. पाव तासाने एक पिल्लू दगडाकडे सरकलं, मग दुसरं. मालनबाई बोट लावून मोजत होत्या. दहापर्यंत आल्या आणि थांबल्या. अकरावं उलटंच राहिलं.

बाकीचे एकेक करत निघून गेले. मग प्लॉटचा मालक आहे तरी कोण, असं आप्पासाहेबांनी जाता जाता विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. शाल ते परत घेऊन गेले. नारळ माझ्या टेबलावर राहिला.

मालनबाई थांबल्या होत्या. पदराचं टोक हातात घेऊन त्या मेलेल्या पिल्लाकडे बघत होत्या.

“म्या चांगलं म्हनून ताजं भरलं,” त्या म्हणाल्या. “ही चूक माझी का तुमची, गुरुजी?”

मला विचार करायला एक क्षणही लागला नाही.

“माझी,” मी म्हणालो. “मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आणि मी गुरुजीसुद्धा नाही, मालनबाई. मी ग्रंथपाल होतो.”

त्यांनी मान हलवली. “असू द्या. म्हनायची सवय झालीया,” म्हणाल्या. मग जरा वेळाने, “भात कोन खात हुतं?”

“मी.”

“तरीच डबा येवढा चाटूनपुसून यायचा.”

त्यानंतर टाकीचा कारभार त्यांनीच हातात घेतला. पालक मी उकडला तर त्यांना कच्चा वाटायचा. शिळं पाणी त्यांच्या पिपातून यायचं, बादलीला शिवायची मला परवानगी नव्हती. शेपटी आखडताना पिल्लं काही खात नाहीत, असं अजिनाथने सांगितलं होतं, ते मी त्यांना तीनदा समजावलं. तरी त्या रोज विचारायच्या की दोन घास तरी खाल्ले का.

दहा दिवसांनी सकाळी टाकीवरचं कापड एका बाजूने सुटलेलं दिसलं. दगडावर कोणी नव्हतं. मी मालनबाईंना बोलावलं, आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली, टीपॉयखाली बघत फिरलो. तो फ्रिजखाली होता, नखाएवढा, शेपटीचा नुसता ठिपका उरलेला. मालनबाई जमिनीला गाल टेकवून हाक मारत होत्या, “भैकर, या भाईर. या, पावनं.” तो बाहेर आला नाही. मी फूटपट्टी आत सारली, तेव्हा त्याने एक उडी मारली आणि मालनबाईंच्या मनगटावर बसला. त्या किंचाळतील असं मला वाटलं. त्या हलल्यासुद्धा नाहीत.

त्याला आम्ही समोरच्या डबक्यात सोडलं. पुढच्या पंधरवड्यात आणखी आठ सोडले. आप्पासाहेबांनी रजिस्टर आणून दाखवलं. त्यात भैकर या नावापुढे ‘जागा सोडली’ असं लिहून तारीख घातली होती. नोंद अर्धवट राहिलेली त्यांना चालत नाही.

मग मी कार्ड समोर घेऊन बसलो. पहिला अर्धा तास मायन्यातच गेला. सहावीतल्या मुलीला चि. लिहायचं, पण ती आता चाळिशी ओलांडलेली असणार. सौ. लिहावं तर मला काय ठाऊक. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

‘सत्यशीला धनवटे यांस, स. न. वि. वि. आपल्या ऑगस्ट १९९४ च्या पत्राचं उत्तर. चूक माझी. नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, ती पिल्लांना सोसत नाही. पाणी एक दिवस उघडं ठेवून शिळं करून द्यावं आणि थोडं थोडं बदलावं. हे मी आता स्वतः करून पाहिलं. नऊ बेडूक झाले. दहावा अजून विचार करतो आहे. तुमचं तेव्हा काहीही चुकलं नव्हतं. भैकेर म्हणजे बेडकाची पिल्लं, हे लेखात लिहायचं राहिलं. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण कार्डावर मावणार नाही. कार्ड दुसऱ्या कामाला वापरलेलं नाही.’

खाली निसर्गमित्र लिहिलं, मग ते खोडून माझं खरं नाव लिहिलं.

एवढं जुनं कार्ड चालतं की नाही, हे पोस्टात विचारायचं राहून गेलं. मी वर एक नवं तिकीट चिकटवलं, कमी पडायला नको. मालनबाई बरोबर आल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्या म्हणाल्या, तुमी खिशात घालून परत आनाल. पेटीसमोर उभं राहिल्यावर माझ्या मनात आलंच, की ती लग्न होऊन कुठे गेली असेल, हा पत्ता तिच्या वडिलांचा, वडील असतील की नसतील. तसं मी बोलून दाखवलं.

“म्हायेर कुटं जातंय?” मालनबाई म्हणाल्या. “भाऊ देईल धाडून. टाका.”

मी कार्ड फटीत सारलं. ते जरा अडकलं, कडेला चिकटलेलं तिकीट आडवं आलं असावं. मालनबाईंनी पेटीच्या डोक्यावर एक थाप मारली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.